गोठा ते दवाखाना

२००६ च्या ऑक्टोबरात केनियाच्या ईशान्येकडील गॅरिसा भागात पाऊस सुरू झाला आणि थांबायचे नावच घेईना. सोमालियाच्या सीमेलगतचा हा मुलूख एरवी कोरडा. उंट, गुरे, शेळ्या-मेंढ्या घेऊन पाण्याच्या मागे हिंडणारे सोमाली पशुपालक इथे राहतात. चांगला पाऊस म्हणजे त्यांच्यासाठी चारा, दूध आणि बाजारात भाव. पण त्या वर्षी सखल जागांमध्ये पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिले, वाटा बंद झाल्या आणि मग डास आले. एवढे डास जुन्याजाणत्यांनी याआधी १९९७ च्या पावसातच पाहिले होते. पाठोपाठ गाभण मेंढ्या गाभडू लागल्या. कोकरे दिवसा-दोन दिवसांत माना टाकू लागली. काही जनावरांच्या नाकातून रक्त वाहू लागले. हे कोणते दुखणे आहे, ते त्या माणसांनी ओळखले होते.

डिसेंबरात माणसे तापाने फणफणून गॅरिसाच्या रुग्णालयात येऊ लागली. काहींच्या हिरड्यांतून रक्त येत होते. नाताळाच्या सुमारास प्रयोगशाळेने निदान पक्के केले : रिफ्ट व्हॅली फीवर.

आजार नवा नव्हता. केनियातल्याच नैवाशा सरोवराजवळच्या एका फार्मवर कोकरे भराभर का मरतात याचा छडा लावताना रॉबर्ट डॉबनी, जे. आर. हडसन आणि पी. सी. गार्नहॅम यांना त्याचा विषाणू सापडला, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. या विषाणूचे सगळे चक्र पावसाशी बांधलेले आहे. एडीस जातीचे काही डास उथळ, खोलगट जागांच्या मातीत अंडी घालतात. विषाणू मादीकडून थेट अंड्यात उतरलेला असतो. ही अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि ती जागा बरेच दिवस पाण्याखाली राहिली की फुटतात. निघालेले डास जवळच्या जनावरांना चावतात, जनावरांच्या रक्तात विषाणू बेसुमार वाढतो आणि मग इतर जातींचे डास तो चहूकडे नेतात. माणसाला तो डासांकडून मिळतो, तसाच आजारी जनावर कापताना, त्याचे रक्त किंवा पडलेला गर्भ हाताळतानाही मिळतो. बहुतेकांना फ्लूसारखा ताप येऊन जातो. थोड्या जणांची दृष्टी अधू होते, मेंदूला सूज येते किंवा रक्तस्राव सुरू होतो. रक्तस्रावापर्यंत गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे वाचत नाहीत. एका माणसाकडून दुसऱ्याला तो लागल्याची मात्र नोंद नाही.

म्हणजे आधी पूर, मग डास, मग जनावर आणि सर्वांत शेवटी माणूस. माणूस आजारी पडतो तोवर रोगाचा बहुतेक प्रवास संपलेला असतो. तो अडवण्यासाठी जो काही अवधी मिळतो, तो जनावरे मिळवून देतात.

२००६ मध्ये तर त्याहूनही आधी इशारा मिळाला होता. नासातील असफ अन्यांबा, अमेरिकी कृषी खात्यातील कीटकशास्त्रज्ञ केनेथ लिंथिकम आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे पूर्व आफ्रिकेवर उपग्रहातून नजर ठेवून होते. प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा पट्टा आणि हिंदी महासागराचा पश्चिम भाग एकाच वेळी तापला की पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी होते, ओसाड जमिनीवर अचानक हिरवळ दिसू लागते आणि त्यामागून हा रोग येतो, हे त्यांनी जुन्या साथींच्या नोंदींवरून ताडले होते. त्या वर्षी एल निनो आकाराला येताना दिसताच त्यांनी धोक्याचे नकाशे काढले. आफ्रिकेच्या शिंगासाठी या भाकिताने दोन ते सहा आठवड्यांचा अवधी दिला. हवामानावरून एखाद्या रोगाच्या साथीचे भाकीत आधी करून ते खरे ठरल्याचे हे फार मोलाचे उदाहरण आहे.

तरीही साथ आली. केनियात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि शेजारच्या सोमालिया आणि टांझानियातही मृत्यू झाले. गॅरिसाचा जनावरांचा बाजार बंद करावा लागला, कत्तलीवर बंदी आली, आणि ज्यांचे सगळे धन चार पायांवर चालते त्यांच्या चुली थंडावल्या. एकट्या केनियाचे नुकसान तीन कोटी डॉलरहून अधिक झाल्याचा हिशेब अर्थतज्ज्ञांनी नंतर मांडला.

साथ ओसरल्यावर काही साथरोगतज्ज्ञ या पशुपालकांकडे गेले आणि त्यांनी त्यांना बसून सविस्तर विचारले. लेखी नोंदी नव्हत्या, पण आठवणी पक्क्या होत्या. त्यांतून जो क्रम जुळला तो मुळातून वाचण्यासारखा आहे. मुसळधार पाऊस सुरू झाल्यापासून डासांचे थवे दिसेपर्यंत सरासरी साडेतीन आठवडे गेले. डासांपासून जनावरांत पहिले लक्षण दिसेपर्यंत सुमारे अडीच आठवडे. जनावरांपासून माणसांतल्या पहिल्या संशयित रुग्णापर्यंत आणखी अडीच आठवडे. आणि जनावरांत रोग दिसल्यापासून पशुवैद्यकीय मदत दारात पोहोचेपर्यंत? जवळपास दोन महिने. पशुपालकांना जे पहिल्या आठवड्यात दिसले ते सरकारला कळून हालचाल व्हायच्या आत माणसे मेली होती. शिवाय साथ भरात आल्यावर जनावरांना लस टोचण्यातही धोका असतो, कारण तीच सुई रोगी जनावराकडून निरोग्याकडे विषाणू नेऊ शकते. लस पूर यायच्या आधीच टोचावी लागते.

यात कोणी झोपले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मेंढ्या गाभडल्याची खबर पशुवैद्यकीय खात्याकडे जाणार, तापाची आरोग्य खात्याकडे आणि पावसाची तिसऱ्याच कचेरीत, अशी ती रचनाच होती. प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा होता. ते तुकडे एका टेबलावर आणणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

केनियाने हा धडा मनावर घेतला. पुढच्या काही वर्षांत आरोग्य आणि पशुधन या दोन मंत्रालयांनी मिळून प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या आजारांसाठी एक संयुक्त कक्ष उभारला. त्यात माणसांच्या आजारांचा साथरोगतज्ज्ञ आणि जनावरांच्या आजारांचा साथरोगतज्ज्ञ एकाच कचेरीत बसतात. २०१५ मध्ये पुन्हा एल निनोचा इशारा आला, तेव्हा धोक्याच्या २२ काउंटींमध्ये पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी पशुपालकांना दर आठवड्याला मोबाइलवर फोन करून विचारपूस चालू ठेवली : कोणते जनावर गाभडले का, कोकरे मरताहेत का, नाकातून रक्त दिसले का. त्या हंगामात मोठी साथ आली नाही. सगळे श्रेय तयारीला देता येणार नाही, कारण पाऊसही १९९७ सारखा कोसळला नाही. पण पाऊस तसा कोसळला असता तर या वेळी खबर दोन महिने वाटेत अडकली नसती, एवढे निश्चित.

जनावराच्या मरणावरून माणसाने सावध व्हायचे, हे महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढची दोन दशके तो गावोगाव फिरला. त्या काळात 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द ऐकले की माणसे घर बंद करून माळावर झोपड्यांत राहायला जात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे प्रयोगाने दाखवले, पण उंदरांनंतर माणसांची पाळी येते हे गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेच होते. आजही सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात किंवा गोव्यातल्या सत्तरीत जंगलात माकड मरून पडलेले दिसले की माकडतापाच्या भीतीने लोक खबर देतात. मग वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांना एकत्र हलावे लागते. या तिघांतला एकही ढिला पडला की काजू-बागेत राबणारा माणूस तापाने पडतो.

पुराच्या बाबतीत मात्र ही जाणीव मुंबईला फार मोठी किंमत मोजून आली. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही पडला नव्हता. मिठी नदी वस्त्यांमध्ये घुसली. राज्यभरात हजाराच्या वर माणसे गेली. उपनगरांतल्या तबेल्यांत दावणीला बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या. त्यांचे फुगलेले देह हलवायला कित्येक दिवस लागले.

मग पाणी ओसरले, आणि ऑगस्टात रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरू लागली. अंग मोडून येणारा ताप, पोटऱ्या दाबल्या तरी कळ जाईल इतके दुखणे, लालभडक डोळे, काहींना कावीळ, काहींची मूत्रपिंडे निकामी. हा लेप्टोस्पायरोसिस होता. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्काम ठोकतो. उंदीर त्याने आजारी दिसत नाही, पण लघवीवाटे तो जंतू टाकत राहतो. कुत्री, डुकरे, गाई-म्हशीही तो टाकतात. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो आणि पायावरच्या खरचटलेल्या जागेतून किंवा डोळ्या-नाकाच्या नाजूक त्वचेतून माणसाच्या शरीरात शिरतो. २६ जुलैला लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालत घरी गेली होती. त्या पाण्यात शहरातल्या सगळ्या बिळांचे, गटारांचे आणि तबेल्यांचे पाणी मिसळलेले होते.

इशारा इथेही आधी मिळाला होता. जुलै २००० मध्ये मुंबईत असेच पाणी भरले, तेव्हा सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी झोपडपट्टीतून तापाने आलेल्या मुलांचे रक्त तपासले. त्यांतल्या सुमारे तृतीयांश मुलांना लेप्टोस्पायरोसिस निघाला. डेंगी-मलेरियाच्या गर्दीत हा आजार लपून बसतो आणि शोधला तरच सापडतो, हे त्या छोट्या अभ्यासाने पाच वर्षे आधी सांगितले होते.

२००५ नंतर मुंबई महापालिकेने जे केले त्याची दाद द्यायला हवी. आता शहरात पाणी साचले की आरोग्य खाते लगेच सूचना काढते. साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध घ्यावे, असे त्यात सांगितलेले असते. पायाला जखम होती का, एकदाच चालला की पुन्हापुन्हा, यावरून धोक्याची पायरी ठरते आणि तिच्यानुसार डॉक्सिसायक्लिनचा डोस ठरतो. गर्भवती आणि लहान मुलांसाठी वेगळे औषध असते. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतरही याच औषधाचे मोठ्या प्रमाणावर वाटप झाले. मुंबईत याच्या जोडीला कीटकनाशक विभागाची माणसे वर्षभर रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत असतात. ज्या शहराला प्लेगची आठवण आहे तिथे उंदीर मारणे हे आरोग्य खात्याचेच काम मानले जाते, आणि ते योग्यच आहे. रात्रभर गटारांच्या कडेने फिरणारी ही माणसे मुंबईच्या आरोग्याची पहिली फळी आहेत. त्यांच्या नावाने कुठे सत्कार होत नाहीत.

पण उंदरावर थांबून भागत नाही. लेप्टोस्पायरोसिस झालेली म्हैस दूध कमी देते, गाभडते. कुत्र्याला कावीळ होते. ही लक्षणे आधी दिसतात ती तबेलेवाल्याला आणि पशुवैद्यकाला. त्यांनी पाहिलेले तापाच्या डॉक्टरपर्यंत त्याच आठवड्यात पोहोचावे यासाठी ठरलेली वाट बहुतेक शहरांत आणि जिल्ह्यांत आजही नाही.

आतापर्यंतची गोष्ट जंतूंची झाली. आपत्तीत माणूस आणि जनावर यांचे नशीब आणखी एका ठिकाणी बांधलेले असते, ते म्हणजे घराच्या उंबऱ्यावर, 'निघा' असा हुकूम येतो तेव्हा.

२९ ऑगस्ट २००५ ला कत्रिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले. माणसांच्या निवाऱ्यांत कुत्र्या-मांजरांना प्रवेश नव्हता, बचावाच्या बसमध्येही नव्हता. पुढच्या वर्षी फ्रिट्झ इन्स्टिट्यूटने केलेल्या पाहणीत, घर न सोडलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी पाळीव प्राण्याला मागे टाकायचे नव्हते हे एक कारण सांगितले. म्हणजे प्राण्यांना बाहेर ठेवून माणसे वाचवण्याची योजना माणसांनाच वाचवू शकली नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने कायदा केला : केंद्राकडून आपत्तीची मदत हवी असेल तर राज्यांच्या आणि शहरांच्या स्थलांतर योजनेत पाळीव प्राण्यांचा विचार असलाच पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न मायेचा आहेच, शिवाय पोटाचाही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेने कोल्हापूर-सांगलीत जो हाहाकार केला त्यात चार लाखांवर माणसे हलवावी लागली. या पट्ट्यात घरटी म्हैस आहे आणि दुधाच्या बिलावर घर चालते. बोट दारात आली तरी म्हशीची धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय कर्ता माणूस पाय उचलत नाही. बायका-मुले पुढे गेली आणि एक जण जनावरांपाशी मागे राहिला, असे अनेक घरांत झाले. शेवटी पाणी गळ्याशी आल्यावर दावी कापून जनावरे सोडून द्यावी लागली. त्यांतली काही पोहून उंचावर लागली, काही वाहून गेली. जी गोठ्यात बांधलेली राहिली ती गेली.

करवीर तालुक्यातली प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे मात्र पुराची चाहूल लागली की जनावरांसकट सोनतळीकडे निघतात. पुराच्या अनुभवाने ही वाट त्यांच्या अंगवळणी पडली आहे. कुठे जायचे, म्हशी कुठे बांधायच्या, वैरण कशी न्यायची हे पाणी चढण्याआधी ठाऊक असेल तर पोलिसांना दारोदार विनवण्या कराव्या लागत नाहीत.

यात बांगलादेशाने फार आधी डोके लढवले. १९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळाने तिथे तीन ते पाच लाख माणसे नेली, आणि गुरे किती गेली याचा नीट हिशेबही लागला नाही. त्यानंतर किनाऱ्यावर मातीचे उंच, रुंद ढिगारे बांधण्यात आले. लोक त्यांना 'किल्ला' म्हणतात. लाट आली की गुरे या किल्ल्यांवर चढवायची. त्याच सुमारास रेड क्रॉसच्या, आताच्या रेड क्रिसेंटच्या, साथीने गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभी राहिली. इशारा मिळाला की हे स्वयंसेवक घराघरात जाऊन माणसे हलवतात. किल्ला बांधणारा अभियंता रोगांचा विचार करत नसेलही, पण ज्या गावाची गुरे वाचतात त्या गावात मुलांना दूध मिळते, कर्ज होत नाही, आणि विहिरीत मेलेले जनावर पडत नाही.

विहिरीत पडलेल्या जनावराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण इथे भीती आणि तथ्य यांची गल्लत फार होते. आपत्तीत मेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथी येतात हा समज जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार खोडला आहे. बहुतेक रोगजंतूंना वाढायला जिवंत शरीर लागते, आणि ते मृतदेहात फार टिकत नाहीत. तेव्हा घाईने, ओळख न पटवता सामूहिक दफन करण्याचे कारण नाही. जनावरांचे देह मात्र पिण्याच्या पाण्यात पडले तर अतिसाराचा धोका असतो. आणि काळपुळीसारख्या रोगाने मेलेले जनावर असेल तर गोष्ट वेगळीच. काळपुळीचे बीजाणू मातीत दशकानुदशके टिकतात आणि पुराने जमीन खरवडली की वर येतात. असा देह फाडायचा नसतो. विहीर आणि नदीपासून दूर, खोल खड्डा खणून पुरायचा असतो. कोणते जनावर बुडून मेले आणि कोणते रोगाने, हे पशुवैद्यकाने पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पूर ओसरलेल्या गावात पहिल्या दिवशी जे पथक जाते त्यात तलाठी आणि आरोग्यसेविकेबरोबर पशुधन विकास अधिकारी असलाच पाहिजे. तो आठव्या दिवशी पंचनाम्यावर सही करायला येतो तेव्हा खड्डा बुजलेला असतो.

पंचनाम्याचेही महत्त्व आहेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांनुसार दुभती गाय किंवा म्हैस गेली तर ३७,५०० रुपये मिळतात, ओढकामाचे मोठे जनावर गेले तर ३२,००० आणि शेळी-मेंढी गेली तर ४,०००. चांगल्या दुधाची म्हैस बाजारात लाखाच्या घरात जाते. हे अंतर भरून काढण्यासाठी शेतकरी कर्ज काढतो, मुलीची शाळा सुटते, घरातले दूध विकले जाते. पुरात मेलेल्या म्हशीचा परिणाम दोन वर्षांनी एखाद्या पोराच्या वजनावर दिसतो, पण तिथे तो पुराच्या नावावर कोणी लिहीत नाही. म्हणूनच जनावर आधी वाचवणे हा बालआरोग्याचा कार्यक्रम आहे, असे म्हणण्यात जराही अतिशयोक्ती नाही.

दुष्काळ ही संथ आपत्ती. तिथे महाराष्ट्राने एक व्यवस्था स्वतःच्या अनुभवातून घडवली आहे, ती म्हणजे चारा छावणी. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात दहा लाखांच्या आसपास जनावरे छावण्यांत होती. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननेही छावणी चालवली. छावणीत जनावरांबरोबर माणसेही महिनोन्‌महिने राहतात, ताडपत्रीखाली स्वयंपाक करतात, तिथेच बाळंतिणीही असतात. हजारो जनावरे एका माळावर आली की लाळ्या-खुरकूत पसरायला वेळ लागत नाही. त्यासाठी लसीकरण होते. पण शेणामुळे माश्या, साठवलेल्या पाण्यात डास, एकाच टँकरवर माणूस आणि गुरे हा सगळा पसारा पाहिला की पशुवैद्यक आणि आशा कार्यकर्ती यांनी छावणीत एकाच दिवशी, बरोबर फेरी मारायला हवी हे कोणालाही पटेल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, दोघांना एकच वार ठरवून दिला की पुरे.

जगाच्या पातळीवर या विचाराला आता 'वन हेल्थ' किंवा एकात्म आरोग्य म्हणतात. अमेरिकी पशुवैद्यक कॅल्विन श्वाबे यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांचे आणि जनावरांचे वैद्यक एकच आहे असा आग्रह धरला. २००४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत वन्यजीवांनाही त्यात आणणारी तत्त्वे मांडली गेली. २०१५ च्या सेंदाई आराखड्यात राष्ट्रांनी आपत्तीपासून पशुधन आणि कामाची जनावरे वाचवण्याचा उल्लेख केला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय एकात्म आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, नागपुरात पशुवैद्यक विद्यापीठ आहे. एवढी सामग्री देशात फार थोड्या राज्यांकडे आहे.

तरी खरी कसोटी तालुक्याला लागते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये टोचायची असते. ती पूररेषेतल्या गावांत आधी टोचली जाते का, हे तहसीलदाराच्या मान्सूनपूर्व बैठकीत विचारले पाहिजे. त्या बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्याशेजारी पशुधन विकास अधिकाऱ्याची खुर्ची हवी, आणि दोघांकडे एकमेकांचा मोबाइल नंबर हवा. आणखी एक साधन आपल्या हाताशी आहे. ते म्हणजे गावोगावच्या दूध संस्था. कोणत्या घरातून रोज किती लिटर दूध येते याची नोंद त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ होते. पुरानंतर एखाद्या गल्लीतले दूध अचानक घटले तर त्या गल्लीत काहीतरी दुखणे शिरले आहे, हे त्या वहीत डॉक्टरच्या आधी उमटते. ती वही आरोग्य केंद्राला दर आठवड्याला दाखवण्याची पद्धत पडली तर जगातल्या कोणत्याही उपग्रहाइतकी ती उपयोगी पडेल.

नदीकाठी किंवा खाडीकाठी राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर असते. त्या सभेत उभे राहून विचारा की पाणी चढले तर गावातली जनावरे कुठे न्यायची, तिथे वैरण आणि पाणी कोण पुरवणार, आणि दावी सोडायचा निर्णय कोणत्या पातळीला घ्यायचा. आपल्या भागातल्या पशुवैद्यकाचा नंबर आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा क्रमांक आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर लिहायला सांगा, आणि उपकेंद्राचा नंबर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर. मिळालेली उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि नोंदवली गेली की नाही हे सभा संपल्यावर स्वतः वाचून पाहा.